काम देताना नऊ दिवस, सोडताना तीन महिने : एका स्टाफिंग एजन्सीचा अनुभव (५ पैकी ३ तारे)

२०२५ च्या जूनमध्ये मी पुण्यातल्या एका स्टाफिंग एजन्सीमार्फत सहा महिन्यांचं फ्रीलान्स काम घेतलं. एका बँकेचं ॲप मराठीत आणायचं होतं. महिना ५५,००० रुपये, १० टक्के टीडीएस कापून हातात ४९,५००. काम मिळवून देण्यात ही एजन्सी खरंच चांगली आहे. पहिल्या फोननंतर नवव्या दिवशी मी कामाला लागले होते, दरावरून घासाघीस झाली नाही, पहिली तीन बिलं ठरल्या तारखेला जमा झाली. तीन तारे त्याचे. उरलेले दोन का गेले ते सविस्तर सांगते, कारण ओळखीतल्या बऱ्याच जणी याच एजन्सीबद्दल विचारतात.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मिरजेला बाबा न्हाणीघरात घसरले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, पण त्यांना उठवायला-बसवायला कुणीतरी हवं होतं आणि आईच्याने ते होणारं नव्हतं. नोव्हेंबरअखेरपर्यंतचं काम मी ऑक्टोबरमध्येच सोडायचं ठरवलं.

इथे माझी एक चूक झाली. मी आधी बँकेच्या टीममधल्या मॅनेजरताईंना सांगितलं. रोजचं बोलणं त्यांच्याशीच. त्या म्हणाल्या, "तुम्ही बाबांकडे बघा, आम्ही इकडे निभावून नेतो." पण माझा करार बँकेशी नव्हताच, एजन्सीशी होता. एजन्सीला ही गोष्ट बँकेकडून कळली आणि संध्याकाळी तिथल्या को-ऑर्डिनेटरचा फोन आला. "मॅडम, आम्हाला डावलून थेट क्लायंटला सांगितलंत?" त्याचं चिडणं रास्त होतं. त्याच रात्री, ८ सप्टेंबरला, मी ईमेलने लेखी नोटीस दिली आणि शेवटचा दिवस ८ ऑक्टोबर लिहिला.

मग करार काढून ओळ न् ओळ वाचला. मी सोडायचं तर ३० दिवसांची नोटीस, त्यांनी मला काढायचं तर ७. शिवाय मुदतीआधी सोडलं तर अर्ध्या महिन्याचं मानधन कापायचं कलम. जूनमध्ये सही करताना मी फक्त दर आणि तारखा बघितल्या होत्या.

तो महिना मी जीव ओतून काम केलं. ४१२ शब्दांची शीट तयार केली आणि प्रत्येक शब्दापुढे तोच का निवडला ते लिहिलं. 'बेनिफिशियरी'ला 'लाभार्थी' म्हटलं की लोकांना सरकारी योजना आठवते, म्हणून आम्ही 'पैसे मिळणारी व्यक्ती' ठरवलं होतं. ते बटणावर मावत नाही, म्हणून तिथे नुसतं 'कोणाला'. हे टिपून ठेवलं नसतं तर पुढच्या माणसाने पुन्हा 'लाभार्थी' केलं असतं. नवी मुलगी ६ ऑक्टोबरला आली. दोन दिवस कॉलवर बसून तिला सगळं समजावलं. काम एक दिवसही अडलं नाही.

तरी सप्टेंबरच्या बिलातून २७,५०० रुपये कापले. को-ऑर्डिनेटर म्हणे अकाउंट्सला विचारा, अकाउंट्सवाले म्हणे को-ऑर्डिनेटरला विचारा. शेवटी मी लेखी उत्तर मागितलं. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला म्हणून तो आख्खा वसूल करता येत नाही. त्या आकड्याच्या आत, वाजवी असेल तेवढीच भरपाई मिळते. मी विचारलं, नोटीस पूर्ण केली, बदली माणूस मी निघायच्या आधी हजर झाला, मग तुमचं नुकसान कोणतं? सोबत शीट आणि नोटिशीचा ईमेल जोडला. पाचव्या दिवशी उत्तर आलं, कापलेली रक्कम परत करतो. केलीही.

ऑक्टोबरच्या आठ दिवसांचं बिल मात्र रखडलं. "क्लायंटकडून आले की देतो," एवढंच उत्तर. माझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायाची सरकारी नोंदणी, आधीपासून आहे. ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे अशा नोंदणीवाल्या सूक्ष्म-लघु व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या पुढे थकवता येत नाहीत, थकवले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. पन्नासाव्या दिवशी उद्यम नंबर घालून हेच लिहिलं. तिसऱ्या दिवशी पैसे खात्यात. मला वाईट याचं वाटलं, की बाबांच्या पथ्यपाण्याच्या दिवसांत आठ दिवसांच्या पैशांसाठी कायद्याची कलमं शोधत बसावं लागलं.

डिसेंबरमध्ये एजन्सीचाच फोन आला, नवं काम आहे म्हणून. बाबा आता काठी घेऊन अंगणापर्यंत जातात, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही. दोन गोष्टी मागितल्या : नोटीस दोन्ही बाजूंना १५ दिवसांची, आणि मानधन कापायचं कलम काढून टाका. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीसाठी "वर विचारून सांगतो" म्हणालेत. अजून सही केलेली नाही.