कॅनन १००-४०० मार्क २: झोडियाकवर दोन सीझन वापरल्यावर

बऱ्याच जणांनी विचारलं की व्हेल आणि सीलचे फोटो कुठल्या लेन्सने काढतेस, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी मूळची मालवणची, नोव्हेंबर ते मार्च अर्जेंटिनातल्या उशुआया बंदरावरून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या एका जहाजावर गाईड असते, झोडियाक म्हणजे ती रबरी बोट चालवते. लेन्स आहे कॅननची ईएफ १००-४०० एफ/४.५-५.६ एल मार्क २, म्हणजे १०० पासून ४०० मिलीमीटरपर्यंत झूम होणारी; हा आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं. २०१४ ची आहे, मी सेकंडहँड घेतली आणि मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर अडॅप्टर लावून वापरते.

आधी एक गोष्ट समजून घ्या, गाईडचं फोटो काढणं आणि पाहुण्यांचं फोटो काढणं यात खूप फरक आहे. बोटीत दहाएक माणसं माझ्या जबाबदारीवर असतात, एक हात इंजिनाच्या टिलरवर (बोट वळवायच्या दांड्यावर), कानात रेडिओ, नजर वाऱ्यावर आणि सरकणाऱ्या बर्फावर. इंजिन न्यूट्रलला आहे, सगळे खाली बसलेत, आजूबाजूचा बर्फ आपल्याकडे येत नाहीये, एवढं सगळं जमलं तरच कॅमेरा बाहेर निघतो आणि तोही अर्ध्या मिनिटासाठी. त्यामुळे "सगळ्यात शार्प लेन्स कुठली" हा प्रश्न माझ्यासाठी दुसरा, पहिला प्रश्न हा की ती एका हाताने बाहेर काढून लगेच वापरता येते का.

इथे ही लेन्स जिंकते. वजन दीड किलोच्या थोडं वर, बंद केली की वीतभर लांब, छोट्या ड्रायबॅगमध्ये (पाणी न शिरणाऱ्या पिशवीत) कॅमेऱ्याला लावलेलीच मावते. झूम घट्ट करायची रिंग आहे, ती आवळून ठेवली की बोट लाटांवर आपटताना लेन्स आपोआप बाहेर घसरत नाही. आमच्या टीममधल्या एकाकडे ६०० पर्यंतची मोठी लेन्स आहे, त्याचे फोटो सुंदर असतात, पण तो ती जमिनीवर उतरल्यावरच काढतो, बोटीत नाही.

झूमचं महत्त्व मला अंटार्क्टिकातल्या सिएर्वा कोव्ह या खाडीत कळलं. बर्फाच्या तुकड्यावर लेपर्ड सील झोपला होता, ४०० वर छान फ्रेम मिळत होती, आणि मग तो पाण्यात उतरून सरळ बोटीच्या ट्यूबपाशी आला, डोकं वर काढून आम्हाला बघायला लागला. हे प्राणी तीन मीटरच्या वरही वाढतात आणि ट्यूबला चावतातही, म्हणून मी आधी सगळ्यांना हात आत घ्यायला सांगितलं, मग १०० वर येऊन दोन फोटो घेतले. ही लेन्स ९८ सेंटीमीटरपर्यंत फोकस करते, १९९८ च्या जुन्या मॉडेलला १.८ मीटर लागायचे. त्या फोटोत त्याच्या मिशांवरचे थेंब मोजता येतात. माझ्या आत्तापर्यंतच्या फोटोंमधला मला सगळ्यात जवळचा तो.

आणि हंपबॅक व्हेल! फेब्रुवारी-मार्चमध्ये विल्हेल्मिना बे मध्ये ते क्रिल (कोळंबीसारखे छोटे जीव) खायला जमतात, कधीकधी फुसकारा आधी ऐकू येतो मग पाठ दिसते. डुबी मारताना शेपटी वर येते तेव्हा तिच्या खालच्या बाजूचा काळापांढरा नक्षा प्रत्येकाचा वेगळा, आपल्या बोटांच्या ठशासारखा. तो फोटो हॅपीव्हेल या व्हेल ओळखणाऱ्या वेबसाइटला पाठवला की ते जुन्या फोटोंशी जुळवून बघतात, २०१५ ला हे टेड चीझमन यांनी सुरू केलं, ते स्वतः अंटार्क्टिकात गाईडचं काम केलेले. इथले हंपबॅक इथल्या हिवाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात, कोलंबिया, इक्वेडोरकडे पिल्लं घालायला जातात, म्हणजे आपण इथे काढलेला फोटो तिकडच्या कोणाच्या तरी फोटोशी जुळू शकतो. म्हणून शेपटीचा फोटो थोडा लांबून आला तरी चालेल पण पूर्ण आणि स्पष्ट हवा, आणि ४०० ला ते नीट होतं. पाहुण्यांनाही मी हेच सांगते, पाणी उडतानाचा फोटो नंतर, आधी शेपटी.

कमी काय पडतं तर ४०० ला एफ/५.६, म्हणजे आत प्रकाश कमी येतो, ढग दाटले की आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) चढवावा लागतो आणि फोटो दाणेदार येतो. आणि आर्क्टिकला जायचं असेल तर ४०० तोकडी पडेल. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २०२५ पासून पोलर बेअरपासून किमान ३०० मीटर राहायचं, १ मार्च ते ३० जून ५०० मीटर. नियम योग्यच आहे, पण त्या अंतरावरून अस्वल फ्रेममध्ये अगदी लहान येतं, तिथे ६०० घ्या. अंटार्क्टिकात जमिनीवर प्राण्यांपासून ५ मीटर ठेवायचे असतात, तिथे पेंग्विनला ही लेन्स पुरून उरते.

घेणार असाल तर काही गोष्टी. ड्रायबॅगवर पैसे वाचवू नका, माझी पहिली (कंपनीचं नाव घेत नाही) महिन्याभरात शिवणीतून पाणी घ्यायला लागली, नशीब तेव्हा आत फक्त हातमोजे होते. जहाजात शिरायच्या आधी बाहेरच कॅमेरा बॅगेत बंद करायचा आणि दोनेक तास उघडायचा नाही, नाहीतर गरम हवेने काचेवर दव धरतं. जास्तीची बॅटरी आतल्या खिशात, थंडीत ती पटकन उतरते. बर्फ करडा येत असेल तर एक्सपोजर (फोटोचा उजेड) पाऊण ते एक स्टॉप वर, एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्याने लेन्स पुसायची, खारं पाणी काय करतं ते बाबांच्या होडीच्या इंजिनावर लहानपणापासून बघितलंय.

सेकंडहँड घेताना माउंटभोवतीची (लेन्स कॅमेऱ्याला जोडतात तिथली) रबरी पट्टी हाताचं बोट फिरवून बघा, ती फाटलेली असेल तर बोटीवर वापरायला ती लेन्स घेऊ नका. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. पुढच्या नोव्हेंबरला हीच घेऊन जातेय.