सायबर हल्ल्याचा टेबलटॉप सराव: चिठ्ठ्या भारी, रिपोर्ट भरताड

मी अकाउंट्स सांभाळते. सायबर सिक्युरिटीच्या सरावात माझं काय काम, असं पुटपुटतच गेले होते. बाहेरची एक कन्सल्टिंग कंपनी अर्ध्या दिवसाचा हा सराव घेते.

कॉम्प्युटरला हात लावायचा नाही. टेबलाभोवती बसायचं, सराव घेणारा एकेक चिठ्ठी देतो आणि ‘आता काय कराल?’ एवढंच विचारतो. पहिली चिठ्ठी: शुक्रवारची संध्याकाळ, शेअर्ड ड्राइव्हवरच्या फाइली उघडत नाहीत. आमचा नेटवर्कवाला लगेच म्हणाला, सर्व्हर बंद करतो. त्याला तिथेच अडवलं. मशीन बंद केलं की मेमरीतले पुरावे गेले. आधी नेटवर्कवरून तोडा, चालू राहू द्या. दुसरी चिठ्ठी: हल्लेखोर तुमचे मेल वाचतोय. मग एकमेकांचे मोबाइल नंबर? ते त्याच मेलच्या अ‍ॅड्रेस बुकात!

खरी जुंपली तिसऱ्या चिठ्ठीला. अख्ख्या ऑफिसचं नेटवर्क तोडायचा हुकूम कोण देणार? आयटी हेडनी साहेबांकडे बोट दाखवलं, तर चिठ्ठीत साहेब विमानात. सेल्सवाले म्हणे ऑर्डरी अडतील. मी म्हटलं, पगाराची फाइल बँकेत जायचीय. मला का बोलावलं ते तेव्हा कळलं. सगळ्यात जास्त वेळ इथेच गेला, आणि तो जायलाच हवा होता. साहेब नसताना हा अधिकार कुणाचा, ते आता नावानिशी लिहून ठेवलंय.

बॅकअपच्या वेळी त्यांनी मर्स्क या जहाज कंपनीचा किस्सा सांगितला. २०१७च्या नॉटपेट्या व्हायरसच्या हल्ल्यात मर्स्कचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोण लॉगिन करू शकतो ते ठरवणारे सर्व्हर, गेले. घानातला एक तेवढा वाचला, कारण तिथली वीज गेली होती. वीज जाण्याच्या भरवशावर कोण बसणार? एक प्रत कायम नेटवर्कबाहेरच हवी.

कायद्याचं मात्र एका स्लाइडमध्ये उरकलं. जीडीपीआरमध्ये, म्हणजे युरोपच्या डेटा संरक्षण कायद्यात, वैयक्तिक माहिती फुटल्याचं कळल्यापासून ७२ तासांत नियामकाला कळवावं लागतं; त्या ७२ तासांत कोण काय लिहिणार, यावर चिठ्ठीच नव्हती. नंतर आलेला रिपोर्ट कुठल्याही कंपनीला चिकटवता येईल असा. त्यात निस्ट या अमेरिकी मानक संस्थेच्या, सायबर हल्ला कसा हाताळायचा त्या मार्गदर्शिकेची २०१२ची आवृत्ती. नवी २०२५मध्येच आलीय, हे आयटी हेडनी दाखवून दिलं.

हल्ला झाला तर काय करायचं याचा लेखी प्लॅनच तुमच्याकडे नसेल तर इतक्यात पैसे घालवू नका. सिसा या अमेरिकेच्या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेची टेबलटॉप पॅकेजं आणि ब्रिटनच्या तशाच संस्थेचं, एनसीएससीचं, ‘एक्सरसाइज इन अ बॉक्स’ फुकट मिळतं, आधी ते करा.

पाचपैकी साडेतीन. पुढच्या वेळी रिपोर्ट आखूड करा आणि चिठ्ठ्या वाढवा, असं त्यांना कळवलंय.