सात रस्त्याजवळचा स्पोकन इंग्लिश क्लास: व्याकरण पक्कं, कामकाजाचं इंग्रजी कच्चं

सोलापुरात टेरी टॉवेलच्या कारखान्यात बाहेरदेशीच्या गिऱ्हाइकांचा पत्रव्यवहार माझ्याकडे असतो. त्यासाठीच हा क्लास लावला होता. बॅच संपली, म्हणून लिहितोय.

'इनफ'चा, म्हणजे 'पुरेसं'चा, धडा सरांनी फर्मास घेतला. नाम असेल तर इनफ आधी: इनफ यार्न, इनफ टाइम. विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर नंतर: थिक इनफ, फास्ट इनफ. 'पुरेसा जाड' म्हणायची सवय असलेली आपली जीभ 'इनफ थिक'कडेच वळते, म्हणून प्रत्येकाकडून आपापल्या धंद्यातली वाक्यं घोकून घेतली. शहराच्या पूर्व भागातल्या एका मुलीनं 'धिस लूम इज नॉट फास्ट इनफ' असं ठोकून दिलं. नामाआधी 'द' किंवा 'माय' आलं की मध्ये 'ऑफ' घालायचा, हेही तिथंच पक्कं झालं. वर्गात निम्मी पोरं तेलुगू-कन्नड घरची. पंगतीत ती 'चालु', 'साकु' म्हणतात, म्हणजे बास. मराठी वाढप्याला मात्र 'चालु' ऐकून आणखी वाढायचं की थांबायचं तेच कळत नाही, यावर सर स्वतःच हसत सुटले.

गाडी अडते ती पुढं. गिऱ्हाईक लिहितं, 'द सँपल्स आर गुड इनफ.' वहीतला अर्थ घेतला तर खूश व्हायचं. पण बऱ्याचदा त्याचा सूर 'चालतील, भागेल काम' एवढाच असतो. पुढच्या ऑर्डरला जीएसएमवरून (टॉवेलचं दर चौरस मीटरला ग्रॅममधलं वजन) घासाघीस ठरलेली. 'फेअर इनफ' म्हणजे तुमचं म्हणणं पटलं. 'शुअर इनफ' म्हणजे वाटलं होतं तेच झालं. 'ऑडली इनफ' म्हणजे नवल असं की... इथं पुरण्या-उरण्याचा काही संबंधच नाही. हे विचारलं तर उत्तर मिळालं, "ते परीक्षेला येत नाही." अहो, आम्ही कुठं परीक्षेला बसलोय!

खोलीवर पत्रा आहे, एप्रिल-मेमध्ये भट्टी. छापील नोट्स जुन्या, झेरॉक्स पुसट. फी मात्र वाजवी आणि सर मनापासून शिकवतात.

दहावी-बारावीच्या पोरांना बेलाशक घाला. ऑफिसचे मेल लिहिणाऱ्यांनी आधी डेमोला बसावं, आपल्याकडचे दोन-चार खरे मेल सोबत न्यावेत आणि त्यावर सर काय सांगतात ते पाहून मगच पैसे भरावेत. संध्याकाळच्या बॅचला गाडी लावायला जागा नसते, सकाळची घ्या.