वर्कशॉप, कंपनी, १९१५ हेल्पलाइन की ग्राहक आयोग: फसलेल्या दुरुस्तीची तक्रार न्यायची कुठे?

इंदूरच्या सुदामा नगरातला माझा भाचा परवा तणतणत घरी आला. गाडीचा गिअर दुसऱ्यातून तिसऱ्यात पडताना खरखरतो. तीनदा वर्कशॉपमध्ये ठेवली, एकदा गिअरबॉक्सही खोलून झाला, तरी दुखणं जिथल्या तिथे. "मामा, आता सरळ केस टाकतो." मी म्हटलं, टाक, पण आधी जॉबकार्डं, म्हणजे वर्कशॉप तक्रार आणि काम लिहून देतं ते कागद, दाखव. तिन्हींवर एकच ओळ होती: "चेक केलं, ओके."

पुढे कोणताही रस्ता धरा, ही ओळ आडवी येणारच. म्हणून वर्कशॉपपासूनच सुरुवात करतो.

वर्कशॉपमध्ये भांडण्याला खर्च नाही आणि काम झालं तर आठवड्यात होतं. पण काउंटरवरचा सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर जे टाइप करतो तेच कागदावर उरतं. "गिअरमधून आवाज" असं लिहू देऊ नका. "सकाळी थंड इंजिन, दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकताना खरखर, रोज" असं लिहून घ्या, आणि गाडी ताब्यात घेताना समाधानाच्या रकान्यात डोळे झाकून सही करू नका. दोन दिवसांनी फोन येतो, "सर, दहापैकी दहा द्या ना." दुखणं कायम असेल तर देऊ नका. पोरगी गोड बोलते, मान्य, पण तुम्ही दिलेले दहा गुण उद्या तुमच्याच अंगलट येऊ शकतात.

माझा स्वतःचा अनुभव असा. पुण्याहून परतताना बिजासन घाटात गाडी तापायची, इंदूरच्या वर्कशॉपमध्ये मात्र शहाण्यासारखी वागायची. ते बायपासवर साठच्या वेगाने फिरवून आणायचे. त्या वेगात समोरून येणारा वाराच रेडिएटर थंड ठेवतो, मग दोष दिसणार कसा? शेवटी हट्टाने त्यांच्या माणसाला शेजारी बसवून खंडवा रोडच्या भेरूघाटात नेलं. एसी चालू, दुसरा गिअर, पुढे ट्रक. काटा चढत गेला आणि कळलं की रेडिएटरच्या पंख्याचा वरचा वेग लागतच नाहीये. एकत्र टेस्ट ड्राइव्ह मागून घ्या, तीही दोष जिथे दिसतो तिथेच.

पण त्या माणसाला गाडीत बसवायला मला कंपनीला मेल करावा लागला होता. म्हणजे दुसरा रस्ता. आठ पानी कहाणी कोणी वाचत नाही. एका पानात चॅसिस नंबर (पुरे सतरा अक्षर-अंक), किलोमीटर, जॉबकार्डांच्या तारखा, आणि शेवटी तुम्हाला नेमकं काय हवंय ते लिहा: फुकट दुरुस्ती, भरलेले पैसे परत, की भाग बदलून. पहिलं उत्तर बहुधा "जवळच्या डीलरशी संपर्क साधा" असंच येतं. तिथे थांबू नका. त्याच मेलला उत्तर देऊन एरिया सर्व्हिस मॅनेजरने गाडी पाहावी अशी मागणी करा आणि तारीख मागा. वॉरंटी नुकतीच संपली असेल, पण तक्रार वॉरंटीत असतानाच नोंदलेली असेल, तर हा रस्ता सगळ्यात फळतो असं माझं मत. गाडीच बदलून मिळेल ही आशा मात्र सोडा. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात वॉरंटी सदोष भाग बदलण्याची आहे, अख्ख्या गाडीची नाही, असं म्हटलं होतं.

१९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फुकट आहे, मराठीत-हिंदीत बोलता येतं, तक्रार कंपनीकडे पोचते. पण तिला हुकूम देता येत नाही. कंपनीने मेल गिळून टाकला असेल तर टोचणी म्हणून उत्तम. "गिअरबॉक्समध्ये दोष आहे की नाही" हा वाद तिथे सुटणार नाही.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. हुकूम देण्याची ताकद फक्त इथे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार दाखल करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. तुम्ही भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाचाच अधिकार. ५ लाखांपर्यंत फी नाही, ५ ते १० लाखांना २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. वकील सक्तीचा नाही आणि ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येतं. स्वस्त, खरंच. लागतो तो वेळ. कायद्यात ३ महिने लिहिलेत, तपासणी लागली तर ५. तारखा त्याहून लांबतात. निकाल लागला तरी समोरचा भोपाळला राज्य आयोगात अपिलाला जाऊ शकतो.

दोन गोष्टींवर तक्रारी घसरतात. एक, फक्त कंपनीला किंवा फक्त डीलरला प्रतिवादी करणं. दोघांचा आपसातला करार वेगळा असतो, त्यामुळे कंपनी डीलरकडे बोट दाखवते आणि डीलर कंपनीकडे. दोघांनाही ओढा. दुसरं, उत्पादनातला दोष नुसता सांगून भागत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. फसलेल्या दुरुस्तीला 'सेवेतील उणीव' म्हणून धरलं तर सिद्ध करायचं ओझं बरंच हलकं होतं, कारण तीन जॉबकार्डं आणि भरलेली बिलं स्वतःच बोलतात. अट एवढीच की त्यांवर "ओके"पेक्षा जास्त काही लिहिलेलं असावं. टॅक्सीच्या धंद्याला लावलेल्या गाडीचं मात्र वेगळं; स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवत नसाल तर "व्यावसायिक वापर" म्हणून दारातूनच परत पाठवतील.

भाच्याला मी सांगणार होतो की आधी मेल कर, महिनाभर वाट बघ, मग आयोग. तेवढ्यात पहिल्या जॉबकार्डाची तारीख पाहिली. बावीस महिने उलटून गेले होते. तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत दाखल करायची मुदत असते. दुखणं अजून चालूच आहे असा युक्तिवाद करता येतो, पण त्या भरवशावर कशाला राहायचं? त्या रात्री मेलही गेला आणि आयोगाच्या तक्रारीचा मसुदाही सुरू झाला.