पिस्टन की स्क्रू? कोटेशन बाजूला ठेवा, आधी घड्याळ लावा

भोसरीत एका ओळखीच्याने दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) टाकून जॉबवर्क सुरू केलं. मशिनं बसली, थ्री फेज मिळालं आणि घोडं मशिनांना दाबलेली हवा पुरवणाऱ्या कंप्रेसरवर अडलं. तोवर काम भागवायला कुणाकडून तरी ५ एचपीचा जुना पिस्टन कंप्रेसर उसना आणला होता. टेबलावर दोन कोटेशनं: एक १० एचपी पिस्टनचं, दुसरं १० एचपी स्क्रूचं, आणि स्क्रूची किंमत जवळजवळ अडीच पट. तो म्हणाला, "मोटर दोन्हीला दहाचीच आहे, मग हे वरचे पैसे कशाचे?"

प्रश्न बरोबर होता, पण मोजमाप चुकीचं. एचपी म्हणजे मोटरची ताकद. आपल्याला लागते हवा, आणि ती मोजायची सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा पाइपात खरोखर पोचते त्यावर.

पिस्टनचं काम सायकलच्या पंपासारखं. पिस्टन खाली आला की हवा आत, वर गेला की ती दाबून बाहेर. दाबलेली हवा तापते, आणि एकाच दमात ७ किलोपर्यंत (म्हणजे चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाब) दाबली तर हेड, म्हणजे सिलिंडरचं डोकं, भाजून निघतं. म्हणून जरा मोठ्या मशिनला दोन टप्पे असतात. मोठा सिलिंडर हवा अर्धवट दाबतो, पंखांच्या नळीतून ती थोडी गार होते, मग छोटा सिलिंडर उरलेलं काम करतो. एवढं करूनही याला विश्रांती लागतेच. साधारण तासाला चाळीस मिनिटं चालवायचं आणि वीस मिनिटं थंड होऊ द्यायचं. याहून जास्त पिळलं की वॉल्व प्लेटवर कार्बन धरतो, रिंगा झिजतात, आणि हवेबरोबर तेल यायला लागतं.

स्क्रूमध्ये दोन पिळाचे रोटर एकमेकांत अडकून फिरतात, आणि त्यांच्या खाचांत सापडलेली हवा पुढे सरकत दाबली जाते. १८७८ साली जर्मनीत हाइनरिक क्रिगर यांनी याचं पेटंट घेतलं होतं, पण कामाचं मशिन उभं राहिलं ते १९३० च्या दशकात, स्वीडनमध्ये आल्फ लिशोल्म यांच्या हातून. आपल्याकडच्या कारखान्यांत दिसतो तो तेलाचा स्क्रू. रोटरच्या मधोमध तेल सोडलेलं असतं. तेच फट बुजवतं, तेच उष्णता ओढून नेतं, आणि पुढे सेपरेटरमध्ये हवेपासून वेगळं होऊन परत येतं. हवा दाबली जातानाच गार होत असल्यामुळे स्क्रू दिवसभर न थांबता चालतो. तो थांबायला फारसा राजी नसतो, हीच त्याची गंमत आणि हीच अडचण.

आता मशिनवरच्या पाटीकडे बघा. पिस्टनच्या पाटीवर बहुतेक वेळा सिलिंडरच्या मापावरून काढलेला आकडा असतो. वॉल्वमधली गळती आणि सिलिंडरात वर उरलेली हवा धरली की हातात त्याच्या ७०-८० टक्केच पडतं. ४० लिहिलं असेल तर ३० धरा. स्क्रूवाले सहसा प्रत्यक्ष मिळणारी हवा लिहितात, त्यामुळे १० एचपीला ४० च्या आसपास म्हटलं तर ते साधारण खरं असतं. म्हणजे मोटर सारखी असली तरी हवेत मोठा फरक.

यावर विश्वास ठेवायची गरज नाही, घड्याळ लावता येतं. उसन्या कंप्रेसरची टाकी २५० लिटरची होती. बाहेरचा कॉक बंद केला आणि काटा ५ किलोवरून ७ वर जायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर बघितलं. ६५ सेकंद. टाकीत दर किलोमागे साधारण २५० लिटर मोकळी हवा मावते, म्हणजे ५०० लिटर ६५ सेकंदांत, मिनिटाला ४६० च्या आसपास. सीएफएममध्ये १६. पाटीवर २१ होते. मग दिवसभर काम चालू ठेवून कंप्रेसर तासातली किती मिनिटं चालतो ते मोजलं. पंचेचाळीस. १६ च्या पाऊण पट म्हणजे त्याची गरज १२ सीएफएम. (हेडला हात लावायची सोय नव्हती, ते वेगळंच.)

हा १२ चा आकडा हाती आल्यावर दोन कोटेशनांची तुलना करता येते. १० एचपीची मोटर भरलोडला तासाला साधारण सव्वाआठ युनिट खाते. ३० सीएफएमचा पिस्टन १२ ची गरज भागवायला ४० टक्के वेळ चालेल आणि टाकी भरली की बंद पडेल. तासाला सव्वातीन युनिट. ४० सीएफएमचा स्क्रू ३० टक्के वेळच लोडवर असेल, म्हणजे अडीच युनिट. पण उरलेला ७० टक्के वेळ तो बंद नसतो, अनलोडवर फिरत असतो आणि हवा न देता भरलोडच्या एक तृतीयांश वीज ओढत असतो. तिथे आणखी जवळजवळ दोन युनिट. एकूण साडेचारच्या घरात. काही मिनिटं हवा मागितली नाही तर तो बंद होतो खरा, पण दोन-तीन मिनिटांनी कुणी एअर गन दाबली की टायमर पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे "वीज वाचवणारा" महाग कंप्रेसर इथे जास्त वीज खातो.

दुसरं नुकसान बिलात दिसत नाही. स्क्रूच्या तेलाचं तापमान चढलेलं राहिलं तरच हवेतली ओल वाफेच्या रूपात निघून जाते. दहा मिनिटं चालला, थांबला, परत दहा मिनिटं, असं झालं की पाणी तेलात मुरतं. असं एक मशिन उघडलेलं मी बघितलंय. ड्रेनमधून तेल आलं ते ताकासारखं, आणि एअर एंडच्या, म्हणजे रोटर बसवलेल्या भागाच्या, बेअरिंगांनी राम म्हटलेला. कमी वापरामुळे पिस्टन बिघडत नाही, स्क्रू बिघडतो. कोटेशन देणारा हे सहसा सांगत नाही.

आता गणित उलटवून बघू. समजा मशिनं सहा-सात झाली, दोन पाळ्या लागल्या आणि गरज सलग ३० सीएफएमवर गेली. १० एचपीच्या पिस्टनला आता दमच घेता येणार नाही. तो चालेल, पण वर्षभरात रिंगा-वॉल्वचा खर्च आणि बंद पडलेल्या पाळ्या धरल्या की स्वस्ताई संपते. स्क्रू ७५ टक्के लोडवर निवांत चालतो आणि तासाला सात युनिटच्या आत भागवतो. वर्षाला ४,८०० तास आणि युनिटला ९ रुपये धरले तर नुसत्या विजेचे साठ हजारांच्या आसपास वाचतात. इथे पिस्टनचा विचारही करू नये.

मागणी दिवसभर वर-खाली होत असेल तर व्हीएफडीचा, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हचा, स्क्रू बघावा, तो लागेल तेवढ्याच वेगाने फिरतो. मागणी कायम ९०-१०० टक्के असेल तर ड्राइव्हचे पैसे वाया, उलट ड्राइव्हमध्येच दोन-तीन टक्के वीज जाते. आवाज हा मुद्दा लोक शेवटी धरतात, पण गाळा एकच असेल आणि ऑपरेटर कंप्रेसरपासून दहा फुटांवर उभा राहणार असेल तर तो पहिला धरायला हवा. पेटीतल्या स्क्रूशेजारी बोलता येतं, उघड्या पिस्टनशेजारी ओरडावं लागतं.

पाण्यातून मात्र दोघांनाही सुटका नाही. पावसाळ्यातली दमट हवा १० एचपीच्या स्क्रूने आठ तास सलग दाबली तर टाकीच्या तळाशी दहा लिटरच्या आसपास पाणी पडतं, म्हणजे पिण्याच्या पाण्याचा अर्धा जार. हवा कोरडी करणारा ड्रायर नसेल तर उरलेली ओल जॉब पकडणाऱ्या चकच्या सिलिंडरात आणि स्पिंडलच्या एअर सीलमध्ये जाते. ड्रायर दोन्ही कोटेशनांत धरून मगच किंमती शेजारी ठेवा. स्क्रूच्या पॅकेजमध्ये तो अनेकदा असतो, पिस्टनच्या यादीत नसतो, आणि तिथेच अडीच पटीतला काही भाग गळून पडतो.

दाबही उगाच वाढवू नका. मशिनला ६ किलो लागत असताना कटऑफ, म्हणजे कंप्रेसर थांबायचा दाब, ८ वर ठेवला तर दर किलोमागे सहा-सात टक्के वीज जास्त जाते.

खरं काम झालं ते गुरुवारी. सुट्टीचा दिवस, सगळी मशिनं बंद, फक्त कंप्रेसर चालू आणि लाइनचे कॉक उघडे. कुणीही हवा वापरत नव्हतं, तरी कंप्रेसर दीड मिनिट चालायचा, साडेचार मिनिटं थांबायचा, परत चालायचा. १६ सीएफएमचा चौथा हिस्सा. म्हणजे १२ पैकी ४ सीएफएम नुसती फुसफुसत होती. साबणाचं पाणी घेऊन फिरलो. गळत होते दोन पुश कपलर (पाइप जोडायचे), एका एफआरएलची (हवा गाळून तिचा दाब ठरवणाऱ्या युनिटची) वाटी आणि टाकीचा ड्रेन कॉक. कॉक तर कुणीतरी पाणी जात राहावं म्हणून मुद्दाम किंचित उघडा ठेवला होता. एकूण खर्च हजार रुपयांच्या आत. पुढच्या आठवड्यात तोच जुना कंप्रेसर तासाला तीस-एकतीस मिनिटं चालायला लागला.

मग दोन्ही कोटेशनं परत गेली. गरज ८ सीएफएमची, वर वाढीसाठी थोडी जागा. घेतला तो साडेसात एचपीचा दोन टप्प्यांचा पिस्टन, ५०० लिटरची टाकी आणि छोटा ड्रायर. कंप्रेसर बाहेरच्या शेडमध्ये, सावलीत, कारण आत घेतलेली हवा गार असेल तर वीज थोडी कमी जाते आणि आतली माणसंही सुखी राहतात. हेडर, म्हणजे हवेचा मुख्य पाइप, मात्र आजच्या गरजेपेक्षा एक माप मोठा टाकलाय, आणि त्याच्या टोकाला एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि बंद वॉल्व सोडून ठेवलाय. सहावं मशिन आलं की तिथे स्क्रू लागेल, आणि हा पिस्टन मागे राखीव.