छोट्या ट्यूब अँपवर हार्मोनिका: ट्यूब बदलावी की कपॅसिटर लावावा?

फेंडर चँप या छोट्या ट्यूब अँप्लिफायरच्या ५एफ१ सर्किटवर बुलेट माईक (हार्मोनिकासाठी हातात धरायचा गोलसर माईक) लावला की आवाज वाढवण्याआधीच शिट्टी सुरू होते. अँप गिटारसाठी घडवलेला, त्यात माईक तोंडाशी. त्यामुळे गेन (सिग्नल किती पटीने वाढतो ते) जास्त पडतो. त्यावर दोन उपाय आहेत.

पहिला, सिग्नल वाढवणारी १२एएक्स७ ट्यूब काढून कमी गेनची १२एवाय७ बसवणे. गेन फॅक्टर १०० वरून साधारण ४४ वर येतो. चँपमध्ये एकाच ट्यूबचे दोन्ही अर्धे भाग लागोपाठच्या पायऱ्यांवर असल्याने गेन दोनदा उतरतो. १२एयू७ (साधारण २०) मात्र टाळाच: स्पीकर चालवणाऱ्या ६व्ही६ या पॉवर ट्यूबला पुरेसा सिग्नल मिळत नाही, आवाज मिळमिळीत होतो. अँप बंद करा, ट्यूब निवू द्या, नऊ पिना जुळवून बसवा. नाही आवडलं तर जुनी परत.

दुसरा, पहिल्या पायरीच्या १०० किलोओहम प्लेट रेझिस्टरला (ट्यूबच्या आउटपुट टोकावरच्या रेझिस्टरला) समांतर १ नॅनोफॅरड, ६३० व्होल्टचा कपॅसिटर. वरच्या फ्रिक्वेन्सीचा कर्कशपणा उतरतो, उंच पट्टीतली शिट्टीही कमी होते. खालच्या पट्टीतली घूं मात्र तशीच राहते. खर्च ट्यूबच्या मानाने नगण्य, पण डाग द्यावा लागतो. प्लग काढल्यावरही पॉवर सप्लायच्या फिल्टर कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टपेक्षा जास्त उरू शकतात! १० किलोओहम, ५ वॅटच्या रेझिस्टरने ते उतरवा, मीटरवर खात्री करा, मगच हात घाला.

स्टेजवर जोरात वाजवायचं असेल तर ट्यूबच घ्या. घरी हळू वाजवताना फक्त आवाज टोचत असेल आणि सोल्डरिंगचा हात बसलेला असेल, तर कपॅसिटर पुरेल.