दोन पावसाळे काढलेलं प्लायवूड

मार्च २०२४ मध्ये रत्नागिरीतल्या घराचं स्वयंपाकघर, दोन कपाटं आणि टीव्हीखालचं युनिट नव्यानं करून घेतलं. घर जांभ्याचं, समुद्र जवळ, आणि वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. काम संपलं तेव्हाच लिहिलं असतं तर 'एकदम झकास' एवढंच लिहिलं असतं, म्हणून दोन पावसाळे थांबलो.

दुकानदार पहिल्या पाच मिनिटांत म्हणाला, ''आपल्या हवेला सगळीकडे मरीनच टाका.'' तेव्हा आम्हाला १८ एमएमचे दर मिळाले ते असे: मरीन (आयएस ७१० या मानकाचं, पाण्याला सगळ्यात टिकाऊ) चौरस फुटाला १२५ रुपये, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला टिकणारं) ९८, एमआर (दमट हवेपुरतं) ७२. आठ बाय चारचं शीट ३२ चौरस फुटांचं, म्हणजे मरीन आणि एमआरमध्ये शीटमागे जवळपास सतराशेचा फरक. आम्हाला शीटं लागणार होती २१. मिस्त्रींनी वाटणी करून दिली. सिंकखालचा खण आणि ओट्याखालचे तळ मरीनचे, ट्रॉल्यांचे बाकीचे सांगाडे बीडब्ल्यूआरचे, खोलीतली कपाटं एमआरची. दुकानदाराचा चेहरा जरा उतरला, पण ही वाटणी बरोबर निघाली.

एमआरला लोक वॉटरप्रूफ समजतात, तसं ते नाही. दमट हवा ते सोसतं, साचलेलं पाणी नाही. खरा फरक थर चिकटवणाऱ्या सरसात असतो. एमआरमध्ये युरियाचं रेझिन, तर बीडब्ल्यूआर आणि मरीनमध्ये फिनॉलचं. आयएस ७१० च्या चाचणीत तुकडा ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवतात. एवढा गॅस कोण जाळणार! आम्ही कापून उरलेले तुकडे आईच्या जुन्या पातेल्यात चार तास उकळले. एमआरचे थर पुस्तकाच्या पानांसारखे सुटले, मरीनचा तुकडा नुसता काळवंडला. पातेलं मात्र कायमचं बाद झालं, आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

फिनॉलच्या सरसाच्या रेघा कापलेल्या कडेवर गडद तपकिरी दिसतात, हे त्याच वेळी कळलं. पण वरच्या थराचा लाल रंग बघून 'गर्जन (चांगल्या प्लायच्या तोंडाला लावतात ते लालसर लाकूड) आहे' म्हणून खूश होऊ नका, तो रंग नुसता फासलेलाही असतो.

आता फसगत. दुसऱ्या खेपेला टेम्पोतून आलेल्या सहा शीटांपैकी दोनांवर शिक्काच नव्हता. आयएसआय खूण, वर आयएस क्रमांक, खाली सीएम/एल म्हणजे परवान्याचा नंबर, यातलं काहीच नाही. ''कंपनी तीच आहे, शिक्का पुसला गेलाय,'' असं दुकानातून सांगितलं. काम अडलं होतं, ठेवून घेतली, चूक माझीच. पुढे संशय आला म्हणून फूटभर चौरस तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. मरीनचा तुकडा सव्वा किलोला थोडा कमी, बेशिक्क्याचा जेमतेम आठशे ग्रॅम. त्यातून टीव्हीचं युनिट झालं आणि सातव्या महिन्यात त्याच्याखाली पिठासारखा बारीक भुसा पडायला लागला. भुंगा! औषध टोचून सध्या थांबलाय. हल्ली मी सीएम/एल नंबर दुकानात उभ्या उभ्याच बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरोच्या) केअर ॲपवर घालून बघतो, दुकानदाराला आवडो न आवडो.

मरीननं पैसे वसूल केले ते पहिल्याच जुलैत. सिंकचा पाईप झिरपत होता आणि ते आम्हाला तीन आठवडे कळलंच नाही. तळ ओला राहिला, वास आला, पण थर सुटले नाहीत. फुगलं ते फक्त पाईपसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला, कारण तिथं लाकूड उघडं राहिलं होतं. मिस्त्री काम चालू असताना रोज सांगत होते, ''पाणी तोंडावरून नाही, कडेतून शिरतं.'' मी ती भोकं प्रायमरनं बंद करायचं विसरलो होतो.

कपाटांनी मात्र वेगळाच धडा शिकवला. एमआरचे सांगाडे आजही ठणठणीत आहेत. बिघडलं ते पाठीचं ६ एमएम, जिथं 'भिंतीलाच तर लागणार' म्हणून सगळ्यात स्वस्त घेतलं होतं. भिंत जांभ्याची, आणि पावसात जांभा पाणी धरतो. दिवाळीला कपाट ओढलं तर पाठीवर बुरशीचे ठिपके, आणि खालून वीतभर थर मोकळे. पाठ बीडब्ल्यूआरची केली, मागून ऑईल पेंटचे दोन हात दिले आणि कपाट भिंतीपासून दीड इंच पुढे घेतलं. दुसरा पावसाळा कोरडा गेला. आता वाटतं, दोन शीटं मरीनची कमी घेऊन पाठ आधीच नीट केली असती तरी चाललं असतं.

दारांना, सात फुटी असल्यामुळे, ब्लॉकबोर्ड (आत लाकडी पट्ट्या असलेला बोर्ड) घेतला होता. एवढ्या उंचीला प्लाय वाकतं असं सगळेच सांगतात. पण काटकसर म्हणून सनमायका एकाच बाजूला लावला, आतून नुसता रंग. चार महिन्यांत तीन दारं वाकली, त्यातलं एक तर धनुष्यासारखं झालं, वरचा कोपरा बोटभर बाहेर. दोन बाजू ओल वेगवेगळी घेणार, मग ताण येणारच. आतून सनमायका चढवल्यावर दोन दारं सरळ झाली, ते धनुष्यासारखं झालेलं तिसरं नाही. ते बदलावं लागलं, आणि काटकसर तिप्पट महाग पडली.

ट्रॉल्यांच्या बीडब्ल्यूआरबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि हीच त्याची तारीफ. बिजागऱ्यांचे स्क्रू अजून घट्ट आहेत.

बाथरूमचं दार तेवढं प्लायवूडचं केलं नाही. पीव्हीसीचं लावलं, दिसायला अगदीच टुकार, पण दोन पावसाळ्यांत त्याच्याकडे बघावंसुद्धा लागलेलं नाही.